हाक देण्याची रीत

नोकरीला लागून आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते. पाचवीच्या वर्गात शिरलो, तर पुढच्या ओळीतला एक मुलगा उठून म्हणाला, “सर, तुमे कल कैकू नै आए?” आदल्या दिवशी आम्ही तापाने घरी पडून होतो. मुलाच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती. पण बी.एड.ची पदवी ताजी होती, पुस्तकी उर्दूचा तोरा होता. त्याची काळजी आम्हाला ऐकू आली नाही, ‘तुमे’ तेवढे ऐकू आले. उस्तादाला ‘आप’ म्हणायचे असते हे सांगून आम्ही त्याला वर्गासमोर उभे केले आणि शुद्ध उर्दूतले तेच वाक्य पाच वेळा म्हणायला लावले. वर्ग हसला. मुलाने वाक्य म्हटले, खाली बसला, आणि पुढचे आठ दिवस आमच्याशी एक अक्षर बोलला नाही.

नवव्या दिवशी त्याचे वडील आले. गवंडीकाम करणारा माणूस, हाताला सिमेंट तसेच. दाराबाहेर चपला काढून, टोपी सारखी करून ते म्हणाले, “सर, तुमे उसकू मारो, पर उससे बात बंद नक्को करो.” त्यांच्या तोंडीही ‘तुमे’च होते आणि त्यात अदबीची कसलीही कमतरता नव्हती. तेव्हा आमच्या ध्यानात आले की मोहोळ, सोलापूर, पंढरपूरकडच्या आपल्या घरांत बाप, आजोबा, मशिदीतले इमामसाहेब या सर्वांना ‘तुमे’च म्हणतात. आमच्या आईनेही आमच्या आजोबांना जन्मभर ‘तुमे’च म्हटले होते. म्हणजे त्या दिवशी बेअदबी झाली होती खरी, पण ती मुलाने केली नव्हती.

शिक्षकाला काय म्हणावे, यावर आपल्या समाजात पुष्कळ बोलले जाते. हल्लीच्या पोरांना अदब राहिली नाही, ही तक्रार प्रत्येक पिढीत असते. शिक्षकाने विद्यार्थ्याला काय म्हणावे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. जुने ग्रंथ आणि आपल्या मुलुखाचा इतिहास चाळला, तर आपल्या परंपरेने हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच विचारला होता असे दिसते. तो धागा मध्येच कुठे तुटला, हे पाहण्यासाठी हा लेख.

अदबीच्या दोन बाजू

सूरह हुजुरात आपण सर्वांनी वाचलेली आहे. तिच्या दुसऱ्या आयतीत प्रेषितांच्या (स.) आवाजापेक्षा आपला आवाज चढवू नका, अशी ताकीद आहे. चौथ्या आयतीत, हुजऱ्यांच्या बाहेर उभे राहून त्यांना हाका मारणाऱ्यांना नासमज म्हटले आहे. उस्तादाच्या अदबीवर वाझ देणारे या दोन आयतींचा दाखला हमखास देतात. पण त्याच सूरहची अकरावी आयत सर्वांसाठी आहे. एकमेकांची टवाळी करू नका, एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नका, असे ती सांगते. तिथे ‘अल्काब’ हाच शब्द आलेला आहे. जुन्या उर्दू पत्रांच्या माथ्यावर ‘अल्काब-ओ-आदाब’ असत, तोच. एकाच सूरहमध्ये मोठ्यांना हाक मारण्याची रीत आहे आणि ज्याला हाक मारली जाते त्या प्रत्येकाच्या इज्जतीचे रक्षणही आहे. आपण पहिला भाग वर्गात आणला आणि दुसरा बाहेरच ठेवला.

मदरशांतून शतकानुशतके शिकवली गेलेली इमाम जर्नूजी यांची ‘तालीमुल मुतअल्लिम’ ही पुस्तिका पाहावी. विद्यार्थ्याने उस्तादाच्या पुढे चालू नये, त्याच्या जागेवर बसू नये, परवानगीशिवाय बोलायला सुरुवात करू नये, असे नियम तिच्यात आहेत. उस्तादाच्या मुलाबाळांचाही मान ठेवावा, असेही सांगितले आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी मकतबात हेच शिकले.

त्यानंतरचे बद्रुद्दीन इब्ने जमाआ हे जेरुसलेमचे आणि पुढे कैरोचे काझी होते. १३३३ मध्ये त्यांचे निधन झाले. आलिम आणि विद्यार्थी यांच्या आचारावर त्यांनी ‘तज़किरतुस्सामे’ हा ग्रंथ लिहिला. अरबीत समोरच्याला ‘तू’ म्हणायचे तर क्रियापदाला ‘ते’ आणि नामाला ‘काफ’ हे अक्षर जोडतात. इब्ने जमाआ म्हणतात, विद्यार्थ्याने आपल्या शेखला या ‘ते’ने आणि ‘काफ’ने संबोधू नये, लांबून हाक मारू नये, ‘या सय्यिदी’, ‘या उस्ताज़ी’ असे म्हणावे. आपल्या ‘आप’चीच ही अरबी आवृत्ती म्हणता येईल.

पण हा ग्रंथ तिथे थांबत नाही. त्यात उस्तादाच्या आचाराचेही प्रकरण आहे. तिथे ते सांगतात की उस्तादाने प्रत्येक विद्यार्थ्याला त्याला सर्वांत आवडणाऱ्या नावाने, कुनियतीने, त्याचा मान वाढेल अशा शब्दाने हाक मारावी. दाखला म्हणून ते खुद्द प्रेषितांचीच (स.) रीत देतात. आपल्या सोबत्यांचा सन्मान व्हावा म्हणून प्रेषित (स.) त्यांना कुनियत देत असत. हजरत अली (रजि.) मशिदीत जमिनीवर झोपले होते, अंगाला माती लागली होती. प्रेषितांनी (स.) माती झटकत त्यांना ‘अबू तुराब’, म्हणजे मातीवाला, अशी मायेने हाक दिली. हजरत अलींना पुढे आयुष्यभर हेच नाव सर्वांत प्रिय होते. मातीचा उल्लेख अपमानासाठी करता आला असता; तो मायेने झाला, म्हणून ते नाव सन्मानाचे ठरले.

अदबीच्या या दोन बाजू एकाच ग्रंथात आहेत. आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकांत बालमानसशास्त्र होते, अध्यापनाच्या पद्धती होत्या. इब्ने जमाआचे नाव मात्र कोणी घेतले नाही. मदरशातल्यांनी पहिली बाजू पाठ केली आणि बी.एड.वाल्यांना दोन्ही ठाऊक नाहीत, असा हा प्रकार आहे.

दख्खनमधली हाक

मोहोळ स्टेशनावरून सोलापूरकडे जाणारी गाडी पुढे गुलबर्ग्याला जाते. त्या शहराला आता कलबुर्गी म्हणतात. ख्वाजा बंदानवाज यांच्या उरुसाला आपल्या भागातली कितीतरी घरे याच गाडीने जात आली आहेत. त्यांचे मूळ नाव सय्यद मुहम्मद हुसैनी. बालपणीची काही वर्षे त्यांनी दौलताबादेत काढली, पुढे दिल्लीला ख्वाजा नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली यांचे ते मुरीद झाले, आणि उतारवयात दख्खनला परतून गुलबर्ग्यात १४२२ मध्ये त्यांनी देह ठेवला. जग त्यांना ‘गेसूदराज’, म्हणजे लांब केसांचे, म्हणून ओळखते. या नावामागची कथा अशी सांगतात. पीरांची पालखी खांद्यावर घेताना त्यांचे केस पालखीच्या पायात अडकले. केस सोडवायला थांबलो तर पीरांना त्रास होईल, म्हणून वेदना सोसत ते तसेच लांबवर चालत राहिले. पीरांना हे कळले तेव्हा त्यांनी आपल्या मुरीदाला ‘गेसूदराज’ म्हटले.

ही कथा मुरीदाच्या अदबीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सहाशे वर्षे दख्खनमध्ये ज्या नावापुढे लोक मान झुकवतात, ते नाव उस्तादाने शागिर्दाला मारलेली हाक आहे. कोणत्याही दरबाराने तो किताब दिलेला नाही.

आमच्या मोहोळ तालुक्यातच दुसरे उदाहरण आहे. वडवळ हे नागनाथांचे गाव. मोहोळातही नागनाथांचे मंदिर आहे आणि त्यांची यात्रा सर्व जातींच्या लोकांची यात्रा असते. या नागेश संप्रदायाच्या शिष्यपरंपरेत हेगरस आणि अज्ञानसिद्ध यांच्याबरोबर आलमखान या मुसलमान शिष्याचे नाव येते. रा. चिं. ढेरे यांनी ‘मुसलमान मराठी संतकवी’ या पुस्तकात अशा कवींना एकत्र आणले, म्हणून आपल्यासारख्यांना त्यांची ओळख झाली. आलमखान शिष्य झाला, तरी परंपरेने त्याला आलमखानच म्हटले. गुरू मिळाला म्हणून नाव टाकावे लागले नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचेही तसेच. त्यांचे गुरू चांद बोधले कादरी परंपरेतले. दौलताबादचे जनार्दनस्वामी याच चांद बोधल्यांचे शिष्य आणि एकनाथ हे जनार्दनस्वामींचे. म्हणजे नाथांच्या गुरूंचे गुरू एक सूफी. ‘चांद’ आणि ‘बोधले’ हे दोन शब्द एका नावात सुखाने नांदले. श्रीगोंद्यातले लोक आजही ‘शेख महंमद महाराज’ म्हणतात. ‘शेख’ पुढे आणि ‘महाराज’ मागे. सोलापूरच्या किल्ल्यासाठी विजापूर आणि अहमदनगर ज्या काळात भांडत होते, त्याच काळात विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाला (कारकीर्द १५८० ते १६२७) ‘जगद्गुरू’ म्हटले जात होते. त्याने संगीतावर दखनीत ‘किताब-ए-नवरस’ लिहिले, म्हणजे त्याची भाषाही आमच्या त्या पाचवीतल्या मुलाच्याच भाषेची पूर्वज. गुरू म्हणजे हिंदूंचा आणि उस्ताद म्हणजे मुसलमानांचा, ही वाटणी त्या काळाला ठाऊक नव्हती.

गायनातही ही वाटणी फार जुनी नाही. महाराष्ट्रात हिंदू गायकाला ‘बुवा’ आणि मुसलमान गायकाला ‘खाँसाहेब’ म्हणत. भास्करबुवा बखले यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांकडे तालीम घेतली. उस्तादाचे नाव घेताना कानाला हात लावायची रीत दोन्ही घरांत एकच होती.

शब्दांचा प्रवासही पाहावा. ‘उस्ताद’ मराठीत आला आणि ‘वस्ताद’ झाला. ‘तालीम’ म्हणजे शिक्षण; मराठीत ती कुस्तीची झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालमीत जा. लाल मातीला हात लावून, मग वस्तादाच्या पायाला हात लावून पोर हौद्यात उतरते. पोर कोणत्याही जातीचे असो, वस्ताद कोणत्याही धर्माचा असो. ‘वस्ताद’ला मराठीत पुढे बेरकी माणूस असाही अर्थ चिकटला, पण मान टिकला. ‘शागीर्द’ या शब्दाचे नशीब तसे नव्हते. पेशवाईच्या कागदांत ‘शागीर्दपेशा’ असा वर्ग दिसतो, तो विद्यार्थ्यांचा नव्हे, तर वाड्यातल्या हुजऱ्या-खिदमतगारांचा. उस्ताद वस्ताद झाला आणि शागीर्द नोकर झाला. धागा कुठे तुटला याचा शोध घेणाऱ्याने हा शब्द विसरू नये. विद्यार्थी आणि सेवक यांतला फरक पुसला गेला, की हाकही सेवकाला मारायचीच होते.

किताब सरकारचा आणि किताब लोकांचा

गावच्या शाळेत पंतोजी होते, मकतबात मुल्लाजी किंवा मियाँजी होते, फारसी-उर्दू शिकवणारे मुन्शी होते. इंग्रजी अमलात सरकारी शाळा निघाल्या, प्रशिक्षित शिक्षक आले आणि पंतोजीचा ‘मास्तर’ झाला. पंतोजीचा मान गावाने दिलेला होता, तर मास्तरचा मान पगाराबरोबर आला. दोघांच्याही शाळेत एक गोष्ट मात्र सारखी होती. मुलगा कोणाचा, कोणत्या आळीचा, कोणत्या जातीचा, हे त्याच्या नावाआधी विचारले जाई. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, हे आपण सर्व जाणतो. ज्याला शिवायचे नाही त्याला हाक तरी कोणत्या सुरात मारली जात असेल?

याच काळात दुसरी वाटही निघाली होती. जोतीराव फुले यांची शाळा वडिलांनी बंद केली, तेव्हा गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले. एका मुन्शीने दुसऱ्याच्या मुलाची बाजू घेतली नसती, तर महाराष्ट्राचा इतिहास वेगळा झाला असता. जोतीरावांना ‘महात्मा’ म्हटले गेले ते १८८८ मध्ये, मुंबईच्या सभेत, लोकांकडून.

सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमेचा उल्लेख येतो. त्या स्वतः आजारी होऊन नायगावला माहेरी होत्या. आपल्या मागे फातिमेवर कामाचा भार पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा आशयाचे त्या लिहितात. नावामागे बाई नाही, बी नाही, आडनाव नाही, नुसते ‘फातिमा’. बरोबरीच्या मैत्रिणीला, एका शाळेत खपणाऱ्या सहकारणीला जशी हाक मारावी तशी ही हाक आहे. २०२५ च्या जानेवारीत फातिमा शेख यांच्या अस्तित्वावरच वाद उभा केला गेला, तेव्हा या पत्रातली छोटी नोंद पुराव्याला उभी राहिली. एका शिक्षिकेने दुसरीला नावाने आठवले होते, म्हणून ती इतिहासात राहिली.

इकडे सरकारही विद्वानांना किताब देऊ लागले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली म्हणून १८८७ मध्ये संस्कृत पंडितांसाठी ‘महामहोपाध्याय’ आणि अरबी-फारसीच्या आलिमांसाठी ‘शम्सुल-उलमा’ असे दोन किताब सुरू झाले. मान देतानाही पंडित आणि मौलवी असे दोन खाने पाडले गेले. सय्यद अहमद खान १८८८ मध्ये ‘सर’ झाले. इक्बाल यांना १९२३ मध्ये ‘सर’ किताब मिळाला, त्या वेळची गोष्ट उर्दू शाळांतून अजून सांगितली जाते. आधी आमचे उस्ताद मौलवी सय्यद मीर हसन यांना शम्सुल-उलमा करा, असा इक्बाल यांनी आग्रह धरला. त्यांनी कोणती किताब लिहिली आहे, असे विचारल्यावर इक्बाल यांनी, त्यांची किताब मीच आहे, अशा अर्थाचे उत्तर दिले म्हणतात. मीर हसन यांना तो सन्मान मिळाला. उर्दूत ‘किताब’ म्हणजे पुस्तक आणि ‘खिताब’ म्हणजे पदवी. मराठीत दोन्ही एकाच शब्दात मिसळले आहेत. या गोष्टीपुरते तरी मराठीचेच बरोबर आहे, असे आम्हाला वाटते.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या अठराव्या कलमाने सरकारी किताब बंद केले. सैनिकी आणि शैक्षणिक अशा दोनच सन्मानांना अपवाद ठेवला. रायबहादूर, खानबहादूर गेले आणि विद्येची पदवी राहिली. शिक्षकाच्या पेशाचा याहून मोठा गौरव कोणता?

‘सर’ या शब्दाचेही असेच झाले. ‘सर सय्यद’, ‘सर इक्बाल’ यांच्या नावाआधी लागलेला ‘सर’ राणीचा किंवा राजाचा होता. आपल्या नावामागे लागतो तो ‘सर’ विद्यार्थ्यांनी दिलेला आहे. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. या चळवळीला विचार देणारे फकरुद्दीन बेन्नूर सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत. २०१८ मध्ये ते गेले, तरी आपण त्यांना ‘बेन्नूर सर’च म्हणतो. त्याच १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आपल्या करमाळ्यात जन्मलेले यू. म. पठाण, तेही ‘पठाण सर’. खानसाहेब, मौलानासाहेब अशा उपाध्या हाताशी असताना आपल्या लोकांनी या दोघांसाठी वर्गातलाच शब्द निवडला. साने गुरुजींचेही तसेच. अमळनेरच्या शाळेतली हाक त्यांना आयुष्यभर पुरली. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले तेव्हा, आणि ‘इस्लामी संस्कृती’ लिहिली तेव्हाही, ते गुरुजीच होते.

हजेरीपटावरची नावे

आता आपल्या वर्गाकडे येऊ. सरकार शिक्षकाला काय म्हणते, हेही पाहण्यासारखे आहे. २००० पासून महाराष्ट्रात नवा शिक्षक पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ असतो. प्राथमिकला सुरुवातीचे मानधन महिना तीन हजार रुपये होते. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले. आम्हीही त्या वाटेने आलो. कागदावर सेवक आणि वर्गात सर, अशी ती वर्षे होती. मुलांनी कधी कागद पाहिला नाही, त्यांनी पहिल्या दिवसापासून ‘सर’च म्हटले. सरकारने राखून ठेवलेला शब्द त्यांनी आधीच देऊन टाकला होता.

आम्ही त्यांना काय दिले? आमच्या हजेरीपटावर आडनाव आधी येते. शेख, शेख, शेख, सय्यद, मुलाणी, मुजावर, काझी, इनामदार, तांबोळी, बागवान, नदाफ, शिकलगार. यांतली निम्मी आडनावे म्हणजे जुन्या काळी गावाने किंवा दरबाराने पूर्वजांना दिलेले हुद्दे आणि धंदेच. शेख पुष्कळ, म्हणून ‘मोठा शेख’, ‘काळा शेख’, ‘शेख नंबर तीन’. नदाफाच्या मुलाला ‘ए पिंजारी’. आपल्यात जातपात नाही असे व्यासपीठावरून सांगायचे आणि वर्गात धंद्यावरून हाक मारायची, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे, आणि एकेकाळी आमच्या तोंडूनही असले शब्द गेले आहेत. आयांच्या तक्रारी आल्या की ‘लाडाने म्हणतो’ हे आमचे उत्तर ठरलेले. पण लाडाचे नाव कोणते, हे ज्याला हाक मारली जाते त्याने ठरवायचे असते. अबू तुराबच्या गोष्टीतला मर्म हाच आहे.

दुसऱ्या एका गावाहून आमच्याकडे आलेला मुलगा आठवतो. तो मराठी उत्तम बोलत असे. चांगली मराठी शाळा सोडून इकडे का आलास, असे विचारले, तर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, तिथे मला मुलेही आणि एक शिक्षकही ‘तालिबान’ म्हणायचे. ‘तालिब’ म्हणजे शोधणारा. आपण विद्यार्थ्याला ‘तालिबे-इल्म’ म्हणतो, ज्ञानाचा शोध घेणारा. त्याच शब्दाचा दगड करून एका मुलाला मारला गेला होता. त्या मुलाला उर्दूची ओढ नव्हती, त्याला आपले नाव हवे होते. मराठी शाळेवर रागावणे सोपे आहे. पण आमच्या वर्गात आल्यावर आम्ही त्याला काय म्हणणार होतो? त्याच्या दखनीला, त्याच्या मराठी वळणाच्या उर्दूला हसणार होतो का? एका दारातून हाकलले गेलेल्या मुलाला दुसऱ्या दारात उभे करून ‘आप’ पाठ करायला लावायचे, तर फरक काय राहिला?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी घातली आहे. छडी बहुतेक वर्गांतून गेली; जीभ अजून तिथेच आहे. केरळात बालहक्क आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये ‘सर’ आणि ‘मॅडम’ऐवजी सर्वांना ‘टीचर’ म्हणावे, असा निर्देश दिला. त्यावर चर्चा झाली ती पुन्हा शिक्षकाला काय म्हणावे याचीच. आमच्याकडे शिक्षिकेला मराठी शाळेत ‘बाई’, उर्दू शाळेत ‘आपा’ किंवा ‘बाजी’ आणि आता दोन्हीकडे ‘मॅडम’ म्हणतात. आपा आणि बाजी हे मुळात थोरल्या बहिणीसाठीचे तुर्की शब्द. ते मागे पडताहेत याचे वाईट वाटते. पण कोणता शब्द राहावा यापेक्षा त्या बहिणीने धाकट्याला कसे बोलवावे, याची आम्हाला जास्त चिंता आहे.

मोहोळहून पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावर आषाढीत उभे राहावे. वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. म्हातारा तरुणाला माउली म्हणतो, गर्दी आवरणारा पोलीसही म्हणतो, “माउली, पुढे व्हा.” तिथे मोठ्याला एक शब्द आणि लहानाला दुसरा, असे नाही. शाळा वारी नव्हे, तिथे थोडे अंतर लागते, हे आम्हाला मान्य आहे. ‘आप’ही शिकवायला हवे, मुलगा उद्या हैदराबादला, लखनौला जाईल, मुलाखतीला बसेल, तेव्हा ते त्याच्या कामी येईल. मात्र ते ‘तुमे’च्या शेजारी ठेवून शिकवता येते. दुआ मागताना आपण अल्लाहला ‘तू’ म्हणतो, मराठी माणूस विठोबाला ‘तू’ म्हणतो, हेही मुलांना सांगता येते. मग सर्वनामात अदब किती आणि मनात किती, याचा हिशोब मुले स्वतःच करतात.

आता आम्ही दर वर्षी जूनमध्ये पहिल्या दिवशी एक गोष्ट करतो. घरी तुला काय म्हणतात, तुला काय म्हटलेले आवडते, असे प्रत्येकाला विचारतो आणि हजेरीपटाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवतो. दोन-तीन दिवस मुले लाजतात. चौथ्या दिवसापासून हजेरीला ‘हाजिर’ म्हणताना त्यांचा आवाज बदलतो. यात आमची हुशारी काही नाही. इब्ने जमाआने लिहिलेले आम्ही उशिरा वाचले, एवढेच.

तो पाचवीतला मुलगा मध्यंतरी मोहोळच्या एसटी स्टँडवर भेटला. बापाबरोबर बांधकामावर जातो. गर्दीतून वाट काढत समोर आला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, “सर, तुमे कैसे है?”

“अच्छे है बेटा,” आम्ही म्हणालो. “तुमे बोलो, तुमे कैसे है?”